सोन्याच्या ठिपक्यावर रक्ताचा थेंब



वाशीकरांना 'ब्रिट'ची पाटी ओळखीची आहे. बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजी. त्यातही मसाल्यांवर किरणप्रक्रिया करणारा तिथला प्रकल्प, २००० साली सुरू झालेला, बऱ्याच जणांना माहीत असतो. मिरची-हळदीला किरणोत्सार म्हटल्यावर चर्चा व्हायचीच. त्याच संकुलातून वर्षानुवर्षे आणखी एक माल बाहेर पडत आला, त्याची मात्र कोणी फारशी दखल घेतली नाही. छोट्या खोक्यांत भरलेले रेडिओइम्युनोॲसेचे किट. आपल्यापैकी ज्यांची थायरॉइडची तपासणी दोन-तीन दशकांपूर्वी झाली असेल, त्यांचे रक्त अशाच एखाद्या किटावर तपासले गेले असण्याची शक्यता बरीच आहे.

माझ्या आजच्या विषयाची सुरुवात मी या खोक्यापासून करते, कारण आपल्यापुढचा प्रश्न त्यातच पहिल्यांदा सुटला. रक्तात अब्जांश प्रमाणात असलेला पदार्थ मोजायचा कसा? १९५९-६०च्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी इन्सुलिन मोजून दाखवले. इन्सुलिनला नेमके धरणारे प्रतिपिंड घ्यायचे, किरणोत्सारी आयोडीन लावलेले थोडे इन्सुलिन त्यात सोडायचे आणि रुग्णाच्या रक्तातले इन्सुलिन त्याला किती बाजूला सारते ते पाहायचे. यॅलोंना १९७७ साली नोबेल मिळाले. बर्सन १९७२ मध्येच गेले होते. दरम्यान १९७१ साली एलायझा आली, किरणोत्साराच्या जागी रंग देणारे विकर आले, पण मूळ कल्पना तीच राहिली. ओळखणारा एक रेणू हवा आणि ओळख पटल्याची वर्दी देणारी एक खूण हवी.

कर्करोगाच्या बाबतीत ओळखायचे काय? इथे इतिहास मोठा आहे. १८४०च्या दशकात लंडनच्या हेन्री बेन्स जोन्स यांना अस्थिमज्जेच्या रोगाने आजारी माणसाच्या लघवीत एक विचित्र प्रथिन सापडले. कर्करोगाचे ते पहिले सूचक प्रथिन. त्यानंतर जवळजवळ सव्वाशे वर्षे या बाजूला फार काही हलले नाही. मग १९६३-६४ मध्ये सोव्हिएत रशियात आबेलेव आणि तातारिनोव यांच्या कामातून यकृताच्या कर्करोगाशी जोडलेले अल्फा-फीटोप्रोटीन पुढे आले. १९६५ मध्ये माँट्रियलला फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगातले सीईए शोधले. त्यानंतर पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीचे पीएसए आणि अंडाशयाच्या कर्करोगाचे सीए-१२५. ही सारी नावे आज पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर छापून येतात आणि घराघरांत झोप उडवतात.

आता आकड्यांकडे येऊ. पीएसएची मर्यादा परंपरेने एका मिलिलिटरमागे ४ नॅनोग्रॅम धरली जाते. त्याच मिलिलिटरभर रक्तद्रवात अल्ब्युमिन हे साधे प्रथिन सुमारे ४० मिलिग्रॅम असते. म्हणजे वजनात एक कोटी पट. या गर्दीतून हवे तेवढेच प्रथिन उचलायचे आहे. हे काम प्रतिपिंडे करतात आणि उत्तम करतात. १९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच जातीची प्रतिपिंडे हवी तितकी बनवण्याची युक्ती काढली. तिच्यावर आजचा सगळा निदान-उद्योग उभा आहे. पण प्रतिपिंड म्हणजे मोठे, नाजूक प्रथिन. ते बनवण्यासाठी प्राण्याच्या शरीराची किंवा जिवंत पेशींची गरज लागते, एका घाण्याचा माल दुसऱ्यासारखाच निघेल याची खात्री नसते आणि ते थंडाव्यात जपावे लागते. शहरातल्या प्रयोगशाळेत याने काही अडत नाही. वीज जाणाऱ्या तालुक्याच्या दवाखान्यात मात्र अडते.

१९९० साली अमेरिकेत दोन गटांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, वेगळी वाट दाखवली. कोलोरॅडो विद्यापीठात लॅरी गोल्ड आणि क्रेग ट्यूर्क, आणि बॉस्टनमध्ये अँड्र्यू एलिंग्टन आणि जॅक शोस्टाक. हे तेच शोस्टाक, ज्यांना २००९ मध्ये गुणसूत्रांच्या टोकांवरच्या कामासाठी नोबेल मिळाले. दोन्ही गटांचे म्हणणे असे होते की डीएनए किंवा आरएनए हे नुसते निरोप साठवणारे धागे नाहीत. एकपदरी धागा मोकळा सोडला तर तो स्वतःवर दुमडतो आणि त्याला घाट येतो. अक्षरांचा क्रम बदलला की घाट बदलतो. मग असंख्य घाटांमधून एखादा आपल्या प्रथिनाला नेमका चिकटणारा का मिळू नये?

असा धागा कोणी बसून रचत नाही, तो निवडून काढतात. जुना शेतकरी कणसे निवडून बियाणे ठेवायचा, ते पेरायचा आणि पुढच्या हंगामात त्यातून पुन्हा निवडायचा, तसेच हे चालते. चाळीस अक्षरांचे सगळे संभाव्य धागे मोजले तर एकावर चोवीस शून्ये इतके होतात. तेवढे कोणाला बनवता येत नाहीत. पण एकावर पंधरा शून्ये इतके धागे यंत्राने बनवून एका छोट्या नळीत मावतात. त्यात आपले प्रथिन सोडायचे. चिकटले ते ठेवायचे, बाकीचे धुऊन टाकायचे. राहिलेल्यांच्या पीसीआरने प्रती काढायच्या आणि पुन्हा प्रथिन सोडायचे. अशा आठ-दहा किंवा पंधरा फेऱ्या. मध्येच एकदा उलटी फेरीही घ्यावी लागते. अल्ब्युमिनला किंवा नळीच्या काचेलाच चिकटणारे आगंतुक धागे त्यात काढून टाकतात. शेवटी उरतात ते ॲप्टामर.

पहिला गाजलेला डीएनए ॲप्टामर १९९२चा, रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिनला धरणारा. फक्त पंधरा अक्षरांचा, आणि डीएनएच्या चार अक्षरांपैकी जी आणि टी ही दोनच वापरणारा. इतक्या तुटपुंज्या सामग्रीतून तो एक घट्ट चौकोनी गाठ बांधतो आणि थ्रॉम्बिनच्या अंगाला जाऊन बसतो. मला आजही याचे नवल वाटते. २००४च्या अखेरीस अमेरिकेत डोळ्याच्या पडद्याच्या विकारासाठी पेगॅप्टानिब हे ॲप्टामरचे औषध मंजूर झाले, तेव्हा ही केवळ नळीतली गंमत नाही हेही सिद्ध झाले.

ॲप्टामर रासायनिक यंत्रावर बनतो. त्यासाठी ससा, उंदीर काही लागत नाही. तापवला तर उलगडतो आणि थंड झाला की बहुधा पुन्हा त्याच घाटात बसतो. त्याच्या टोकाला हवा तो अणुगट जोडता येतो. विद्युत-रसायन शिकलेल्या माणसाला यातला शेवटचा गुण सर्वांत मोलाचा वाटतो, कारण टोकाला गंधकाचा गट लावला की धागा सोन्याच्या पृष्ठभागावर आपोआप उभा राहतो.

विद्युत-रासायनिक संवेदक तुमच्या ओळखीचा आहे. मधुमेह असलेल्या घरात ग्लुकोमीटर असतोच. १९६२ मध्ये लेलँड क्लार्क यांनी त्याची कल्पना मांडली. पट्टीवरचे विकर ग्लुकोजचे ऑक्सिडीकरण करते, त्यातून सुटणारे इलेक्ट्रॉन विद्युतअग्रावर पोचतात आणि यंत्र तो प्रवाह मोजते. मग याच पट्टीवर पीएसए का मोजू नये, असा प्रश्न साहजिकच पडतो. दोन गोष्टी आड येतात. पहिली म्हणजे प्रमाण. रेणूंच्या संख्येने मोजले तर रक्तात ग्लुकोज पीएसएच्या सुमारे चार कोटी पट असते. दुसरी जास्त मूलभूत आहे. ग्लुकोज पट्टीवर खर्च होते. एकेक विकर-रेणू एकामागून एक शेकडो ग्लुकोज-रेणू हाताळतो आणि प्रत्येक वेळी इलेक्ट्रॉन सोडतो, म्हणून वाचण्याइतका प्रवाह मिळतो. पीएसए किंवा सीईए असे काही सोडत नाही. ते फक्त येऊन बसते. नुसत्या येऊन बसण्याचे विजेत रूपांतर कसे करायचे, ही या विषयातली खरी अडचण आहे, आणि इथे ॲप्टामरचे दुमडणे कामी येते.

२००५ साली कॅलिफोर्नियात, सांता बार्बराला, यी शाओ, केविन प्लॅक्स्को, ॲलन हीगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सुंदर प्रयोग केला. वीज वाहणाऱ्या प्लास्टिकसाठी २०००चे नोबेल मिळालेले ते हेच हीगर. थ्रॉम्बिनचा ॲप्टामर त्यांनी एका टोकाने सोन्यावर बसवला आणि दुसऱ्या टोकाला मिथिलीन ब्लू जोडले. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी रंगवायला आपण शाळा-कॉलेजात वापरतो तोच निळा रंग. हा रंग इलेक्ट्रॉन सहज घेतो आणि देतो. धागा मोकळा असला तर हेलकावतो, रंग वारंवार सोन्याजवळ येतो आणि प्रवाह चांगला मिळतो. थ्रॉम्बिन येऊन बसले की धाग्याला ठरावीक घाट येतो, रंग सोन्यापासून दूर अडकून राहतो आणि प्रवाह घटतो. बाहेरून दुसरे काही घालायचे नाही, धुवायचे नाही. आणि हे त्यांनी नुसत्या स्वच्छ द्रावणात नाही, रक्तद्रवात करून दाखवले. शेकडो इतर प्रथिने तिथे सोन्याला येऊन चिकटतात, पण धाग्याचा घाट बदलणे त्यांना जमत नाही, त्यामुळे त्यांची वर्दी लागत नाही. माझ्या मते ॲप्टामरचा खरा फायदा इथे आहे. तो स्वस्त आहे वगैरे सगळे नंतरचे.

दुसरी पद्धत जास्त वापरली जाते, कारण ती सोपी आहे. द्रावणात फेरी-फेरोसायनाइड ठेवायचे. ते सोन्याशी इलेक्ट्रॉनांची देवघेव करत असते. ॲप्टामरवर मोठे प्रथिन येऊन बसले की वाट अडते, रोध वाढतो आणि तो वाढलेला रोध मोजायचा. म्युसिन-१ आणि हर-२ ही कर्करोगाशी जोडलेली आणखी दोन प्रथिने, शिवाय सीईए, अल्फा-फीटोप्रोटीन, पीएसए या सगळ्यांसाठी असे संवेदक बनले आहेत. कोणी सोन्याचे नॅनोकण घालते, कोणी ग्राफीन, कोणी कार्बनच्या नळ्या. या पद्धतीतला दोष उघड आहे. वाट अडवायला कोणतेही प्रथिन चालते, आणि अल्ब्युमिन एक कोटी पट आहे हे आपण आताच पाहिले.

या विषयावरचे निबंध वाचताना मला एक सवय लागली आहे. 'किमान किती मोजता येते' हा आकडा मी शेवटी वाचते. अमुक फेम्टोग्रॅमपर्यंत पोचलो, असे प्रत्येकजण लिहितो. रुग्णाच्या रक्तातली मर्यादा नॅनोग्रॅममध्ये असेल तर दहा लाख पट खाली जाऊन करायचे काय? मी आधी पाहते की नमुना कुठला होता. स्वच्छ द्रावण? विकत आणलेल्या रक्तद्रवात मोजून मिसळलेले प्रथिन? की खऱ्या रुग्णाचे रक्त, ज्याचे उत्तर प्रयोग करणाऱ्याला आधी ठाऊक नव्हते? तिसऱ्या प्रकारचे निबंध फार थोडे. मूळ ॲप्टामरबद्दलही सावध राहावे लागते. आर्सेनिक ओळखणारा म्हणून एक ॲप्टामर बरीच वर्षे अनेक संवेदकांत वापरला गेला. २०१९ मध्ये कॅनडाच्या वॉटर्लू विद्यापीठातल्या ज्वेवेन लिऊ यांच्या गटाने काळजीपूर्वक तपासले तर तो आर्सेनिकला धरतच नाही! तोवर त्याच्यावर निबंधांची रास झाली होती. रक्तात आणखी एक शत्रू असतो. डीएनए तोडणारी विकरे. त्यांच्यापासून वाचवायला धाग्यातल्या साखरेत रासायनिक बदल करतात, आणि मग घाट तोच राहिला का, हे पुन्हा तपासावे लागते.

हे सगळे सुटेल असे मी मानते. प्लॅक्स्कोंच्याच गटाने २०१७ मध्ये जिवंत उंदराच्या शिरेत असा संवेदक ठेवून डॉक्सोरुबिसिन या कर्करोगाच्या औषधाची पातळी तासन्‌तास मोजली. आपल्याकडे फरीदाबादच्या ट्रान्सलेशनल हेल्थ सायन्स अँड टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटमध्ये क्षयाच्या जंतूची प्रथिने ओळखणारे ॲप्टामर तयार झाले आणि त्यांवर चाचण्या उभ्या राहिल्या. सोन्याच्या ठिपक्यावर जे घडते त्याची मला चिंता कमी आहे. चिंता आहे ती हा ठिपका कोणाच्या रक्ताला लावायचा याची.

समजा, चाचणी फार चांगली आहे. शंभर रुग्णांपैकी ९५ पकडते आणि शंभर निरोगी माणसांपैकी ९५ जणांना बरोबर मोकळे सोडते. नेरुळमधल्या एक लाख लोकांना ती लावली आणि त्यांत त्या कर्करोगाचे शंभर रुग्ण आहेत असे धरले. ९५ सापडतील. शिवाय ४,९९५ निरोगी माणसांना कर्करोगाचा संशय चिकटेल. म्हणजे 'पॉझिटिव्ह' आलेल्या शंभर जणांत दोघेही खरे रुग्ण नसतील. बाकीच्यांची सोनोग्राफी, बायोप्सी, रजा, कर्ज, आणि कोणाला सांगायचे न सांगायचे यात गेलेल्या रात्री. संवेदक दहा पट सूक्ष्म केला तरी हा हिशेब फारसा बदलत नाही, कारण दोष प्रथिनाचा आहे. सीईए सिगारेट ओढणाऱ्याचे वाढते. पीएसए ग्रंथी नुसती मोठी झाली तरी वाढते. सीए-१२५ पोटाच्या क्षयातही चढते, आणि आपल्या देशात हे पाठ्यपुस्तकातले अपवाद नव्हेत.

ब्रिटनमध्ये सीए-१२५ घेऊन दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर मोठी चाचणी झाली. २०२१ मध्ये निष्कर्ष आला. रोग काहीसा लवकर सापडला, पण अंडाशयाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. 'लवकर सापडला म्हणजे वाचला' हे समीकरण आपण सगळे गृहीत धरून बसलो आहोत. ते प्रत्येक कर्करोगासाठी वेगळे तपासून घ्यावे लागते.

ते कसे तपासायचे हे महाराष्ट्राने जगाला दाखवले आहे. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करुग्णालय, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली खेडी आणि सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रिया. २००९ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही या विषाणूच्या चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा रुग्णालयाने सुमारे दीड लाख स्त्रियांवर काम केले. प्रशिक्षित आरोग्यसेविका, गर्भाशयमुखाला व्हिनेगर लावून दिव्याच्या उजेडात केलेली पाहणी. त्या कर्करोगाच्या मृत्यूंमध्ये ३१ टक्के घट. त्याच वस्त्यांत दर दोन वर्षांनी हाताने केलेल्या स्तनतपासणीचा वीस वर्षांचा अहवाल २०२१ मध्ये आला. रोग लवकरच्या टप्प्यात सापडू लागला, पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये मृत्यूंत सुमारे ३० टक्के घट दिसली, तरुण स्त्रियांमध्ये मात्र फायदा दिसला नाही. या चाचण्यांत ज्या गटाला तपासणीच मिळाली नाही त्याच्याविषयी नैतिक वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण व्हिनेगरने जे सिद्ध केले ते सिद्ध करायला नॅनोकणांना अजून पुष्कळ चालायचे आहे.

मग ॲप्टामरची पट्टी टाकून द्यायची? मुळीच नाही. माझ्या मते तिची पहिली जागा निरोगी माणसाकडे नाही, उपचार होऊन गेलेल्या माणसाकडे आहे. आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचे सीईए पुढची काही वर्षे दर थोड्या महिन्यांनी पाहतात. वृषणाच्या काही कर्करोगांत अल्फा-फीटोप्रोटीन किती वेगाने उतरते यावर पुढचे उपचार ठरतात. गाठ पूर्ण निघाली असेल तर त्याची पातळी पाच ते सात दिवसांत निम्मी होत जायला हवी. इथे सगळे गणितच बदलते. हा रुग्ण आहे की नाही हा प्रश्न नसतो, ते माहीत असते. त्याचे प्रथिन वाढणारे आहे का हेही माहीत असते. तुलना समाजाच्या सरासरीशी नसते, त्याच्याच मागच्या आकड्याशी असते. एकच अचूक मोजणी इथे तितकीशी उपयोगाची नाही. थोड्या कमी अचूक पण वारंवार केलेल्या मोजण्यांतून उतार-चढाव जास्त स्पष्ट दिसतो. आणि वारंवार, जागेवर, थेंबभर रक्तात मोजणे हे तर विद्युत-रासायनिक पट्टीचे अंगभूत सामर्थ्य.

टाटा रुग्णालयात, परळला किंवा खारघरला, येणाऱ्या रुग्णांकडे पाहा. जळगाव, नांदेड, रत्नागिरी, आणि महाराष्ट्राबाहेरूनही. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब. यांतले कित्येक उपचारासाठी नव्हे, फेरतपासणीसाठी आलेले असतात. रक्त द्यायचे, थांबायचे, आकडा ऐकायचा, परतीची गाडी पकडायची. त्यासाठी घरातल्या दोन माणसांची मजुरी बुडते. सीईए मोजणारी पट्टी जिल्हा रुग्णालयात असेल आणि आकडा फोनवर डॉक्टरांकडे गेला, तर बहुतेक वेळा हा प्रवास टळेल. आकडा चढला तरच यायचे.

इथे डॉ. कमल रणदिवे यांचे नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. १९१७ साली पुण्यात जन्म, डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली संशोधन, मग जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतिसंवर्धनाचे शिक्षण, आणि परतल्यावर परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली त्या विद्येची पहिली प्रयोगशाळा. खारघरचे ॲक्ट्रेक हे त्याच संस्थेचे आजचे रूप. १९७३ मध्ये त्यांनी स्थापन केलेल्या भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेचे मुख्यालय याच वाशीत आहे. उंदरांतल्या स्तनकर्करोगावर आयुष्य घालवलेल्या या बाई पुढे अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी करत खेड्यांत फिरल्या. प्रयोगशाळा आणि खेडे ही दोन वेगळी खाती त्यांनी मानली नाहीत.

म्हणून मला सुचवायचे आहे ते फार मोठे नाही. नवा ॲप्टामर, नवा नॅनोकण काही नको. सीईए किंवा अल्फा-फीटोप्रोटीन यांपैकी एक प्रथिन घ्यावे. फेरतपासणीला येणाऱ्या, संमती देणाऱ्या रुग्णांचे रक्त नेहमीच्या यंत्रावर मोजावे आणि त्याच दिवशी त्याच नमुन्याचा थेंब पट्टीवरही टाकावा. पट्टी वाचणाऱ्याला यंत्राचा आकडा कळू देऊ नये. काही महिन्यांनी त्याच रुग्णांच्या दोन्ही रेषा शेजारी शेजारी काढाव्यात. दोन रेषांतले आकडे जुळले नाहीत तरी एक वेळ चालेल. चढ आणि उतार एकाच तारखेच्या आसपास दिसतात की नाही, हे पाहायचे. पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी, मे महिन्यात, पंखा बंद असताना तेच पुन्हा करावे. २०१७च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली परवान्यासाठी लागणारी कागदपत्रे त्यानंतरची. यासाठी लागणारे रुग्ण, डॉक्टर, रसायनशास्त्रज्ञ आणि सोन्यावर धागे बसवू शकणारे विद्यार्थी ठाणे खाडीच्या या आणि त्या काठावर मिळून आजच हजर आहेत. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून घडवलेल्या, २०२३ मध्ये मंजुरी मिळालेल्या स्वदेशी कार-टी उपचारासाठी हेच दोन काठ एकत्र आले होते.

माझे बोलणे इथे थांबवते. प्रश्न चिठ्ठीवर लिहून दिलेत तर उत्तरे द्यायला सोपे जाईल.